मासळी, बर्फ आणि शिडं: अटलांटिकच्या शर्यतबाज स्कूनरांची गोष्ट

कॅनडाचं दहा सेंटचं नाणं आपल्या जुन्या चार आण्यांएवढंच असतं, अंगठ्याच्या पेराखाली झाकून जाईल इतकं. माझ्या भाच्याने टोरंटोहून येताना अशी मूठभर नाणी आणली होती, त्यातलं एक मी ठेवून घेतलं. त्याच्या एका बाजूला शिडं फुगलेलं, दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. १९३७ पासून ते तिथे आहे. तिकडच्या मराठी माणसांच्या हातून ते रोज जात असेल आणि पुष्कळांना ते एखादं लढाऊ जहाज वाटत असेल. प्रत्यक्षात ते कॉड मासे पकडायचं जहाज होतं. नाव ब्लूनोज. मिठात मुरवलेल्या माशांनी पोट भरून घरी यायचं, हा त्याचा धंदा. आणि याच जहाजाने मच्छीमारांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा करंडक १९२१ पासून १९३८ पर्यंत दुसऱ्या कोणाला नेऊ दिला नाही.

मासे पकडायच्या जहाजाला शर्यतीची काय गरज? पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मलाही वाटलं, सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून पळवत असतील. तसं नव्हतं. ही जहाजं रोजच्या धंद्यातच शर्यत लावत होती. करंडक फार उशिरा आला.

स्कूनर म्हणजे नेमकं काय

जुन्या मोठ्या जहाजांवर चौकोनी शिडं आडव्या दांड्यांना टांगलेली असत. वारा पाठीमागून असला की ती झकास चालत. समोरून आला की अडत. शिवाय ती सोडायला-बांधायला माणसं उंच चढवावी लागत. स्कूनरचं शीड वेगळ्या पद्धतीने बसवलेलं असतं. दाराची फळी जशी बिजागरीवर फिरते, तसं ते डोलकाठीला एका कडेने धरलेलं असतं आणि डावी-उजवीकडे फिरतं. त्यामुळे वारा तोंडावर असला तरी तिरकं तिरकं, नागमोडी जात जहाज पुढे सरकतं. बरेचसे दोर डेकवर उभं राहूनच ओढता येतात, म्हणून माणसंही कमी लागतात. डोलकाठ्या दोन असतील तर सहसा मागची उंच असते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्लॉस्टर बंदराची माणसं सांगतात की पहिली स्कूनर १७१३ मध्ये त्यांच्याकडे बांधली गेली. गोष्ट खरी असो-नसो, पुढची दोनशे वर्षं या जहाजावर ग्लॉस्टरचं पोट चाललं हे खरं. उत्तरेला कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातलं लुनेनबर्ग हे त्याचं प्रतिस्पर्धी गाव. दोन्ही गावांची नजर एकाच ठिकाणी असायची: जॉर्जेस बँक आणि ग्रँड बँक्स. इथे बँक म्हणजे भर समुद्रातला उथळ पट्टा. न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला थंड लॅब्राडोर प्रवाह आणि उबदार गल्फ स्ट्रीम एकमेकांना भेटतात. त्यामुळे माशांना खाणं भरपूर मिळतं, आणि माणसांच्या वाट्याला दाट धुकं येतं.

डोरीतली दोन माणसं

मोठी गंमत ही की बँकेवर पोचल्यावर स्कूनर स्वतः मासे पकडत नसे. तिच्या डेकवर आठ-दहा डोऱ्या एकात एक रचलेल्या असत, स्वयंपाकघरातल्या पातेल्यांच्या चळतीसारख्या. डोरी म्हणजे सपाट बुडाची लाकडी होडी. तिच्या बसायच्या फळ्या काढून ठेवता येतात, म्हणून तर ती अशी रचता येते. पहाटे एकेक डोरी पाण्यात सोडायची आणि प्रत्येकीत दोन माणसं उतरायची.

होडीत लाकडी टबात दोरी वेटोळी करून ठेवलेली असे. तिला थोड्याथोड्या अंतरावर आखूड दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला गळ, गळाला हेरिंगचा नाहीतर माकुळाचा तुकडा. हे आमिष आदल्या रात्री एकेका गळाला लावून ठेवलेलं असायचं, आणि गळ शेकड्यांनी असत. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने दोरी सोडत जायची. काही तासांनी तीच ओली, बर्फगार दोरी हातांनी ओढून मासे सोडवायचे, होडी काठोकाठ भरली की स्कूनरकडे परतायचं, आणि पुन्हा निघायचं. कॅप्टन जहाजावर थांबून विखुरलेल्या होड्यांवर नजर ठेवायचा.

मध्येच धुकं उतरलं की नजर संपली. स्कूनरवरून भोंगा वाजत राहायचा आणि होडीतली माणसं कान टवकारून वल्हवत राहायची. आवाज ऐकू आला नाही, तर त्या वीस फुटी होडीत उघड्या अटलांटिकवर दोनच जीव.

हॉवर्ड ब्लॅकबर्नची हकीकत मला यासाठी सांगायचीच आहे. जानेवारी १८८३ मध्ये तो आणि त्याचा जोडीदार टॉम वेल्श ‘ग्रेस एल. फिअर्स’ या स्कूनरवरून डोरीत उतरले होते. हिमवादळ आलं आणि जहाज दिसेनासं झालं. होडीतलं पाणी उपसताना ब्लॅकबर्नचे हातमोजे गेले. बोटं गोठत चालली आहेत हे त्याला कळत होतं. तेव्हा त्याने एक निर्णय घेतला: हात वल्ह्याच्या मुठीभोवती वळवून तसेच गोठू द्यायचे, म्हणजे निदान वल्हं धरता तरी येईल. वेल्श होडीतच गेला. ब्लॅकबर्न त्या गोठलेल्या आकड्यांसारख्या हातांनी वल्हवत पाचव्या दिवशी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागला, जोडीदाराला सोबत घेऊन. त्याची सगळी बोटं गेली. पुढे त्याने ग्लॉस्टरमध्ये दारूचं दुकान चालवलं आणि १८९९ मध्ये त्याच बोटं नसलेल्या हातांनी, एकट्याने, छोट्या शिडाच्या होडीतून ६२ दिवसांत अटलांटिक ओलांडून इंग्लंड गाठलं. दोन वर्षांनी पुन्हा, या वेळी लिस्बनपर्यंत, ३९ दिवसांत.

भाव पहिल्या जहाजाला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घाई कशाची?

पूर्वी सगळे मासे जहाजावरच खारवत. खारवलेला कॉड महिनोन्‌महिने टिकतो, त्याला घाई नसते. मग एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, तळ्यांवरचा बर्फ कापून विकायचा धंदा उभा राहिला. हा बर्फ आपल्यालाही परका नाही. १८३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सचा बर्फ भुश्शात गुंडाळून जहाजाने थेट मुंबईपर्यंत येत होता आणि मुंबईच्या बड्या घरांत आइस्क्रीम बनत होतं. तोच बर्फ स्कूनरच्या पोटात भरला जाऊ लागला तेव्हा बॉस्टनच्या माणसाला ताजी मासळी मिळू लागली. रेल्वेने ती आणखी आत, दूरच्या शहरांत जाऊ लागली.

बर्फातला मासा मिठातल्या माशासारखा थांबत नाही. जहाज बँकेवरून निघालं की त्याची घटका भरायला लागते. शिवाय बाजाराचा हिशेब असतो. बॉस्टनच्या ‘टी’ नावाच्या धक्क्यावर सकाळी जी स्कूनर पहिली लागेल तिला चढा भाव. मागून चार जहाजं आली की भाव कोसळला, आणि पाचव्याच्या हाती खर्च तरी सुटेल की नाही याची खात्री नाही. ससून डॉकवर नाहीतर हर्णैला लिलाव पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

यात दुसरी गोष्ट मिसळली: खलाशांना पगार नव्हता. आपल्याकडे रापणीचा जसा वाटा पडतो तसा इथेही वाटा असे. माल विकून खर्च वजा केला की काही भाग जहाजाच्या मालकाचा, उरलेला माणसांचा. म्हणजे जहाज अर्धा दिवस आधी पोचलं की घरी जास्त पैसे जाणार, हे प्रत्येक डोरीवाल्याला माहीत होतं. वर्षाकाठी सगळ्यात जास्त कमाई करून देणाऱ्या कॅप्टनला ‘हायलायनर’ म्हणत. चांगली माणसं त्याच्याकडे धाव घेत, चांगल्या माणसांमुळे त्याची कमाई आणखी वाढे. वादळी वाऱ्यात इतरांनी शिडं उतरवली तरी जो कॅप्टन उतरवत नाही, त्याची ख्याती धक्क्यावर पसरायची. टॉमी बोहलिन याच कारणासाठी नावाजलेला होता. घरी निघालेल्या दोन स्कूनर एकमेकींना दिसल्या की शर्यत सुरूच. तिला पंच नव्हते, अंतर शेकडो मैलांचं, आणि बक्षीस म्हणजे त्या सकाळचा भाव.

परात आणि बाटली

बाजाराला वेग हवा होता, म्हणून जहाजांचा आकारही बदलला. १८५० नंतर ग्लॉस्टरला ज्या वेगवान स्कूनर बांधल्या गेल्या त्या रुंद आणि उथळ होत्या, कारण बंदराच्या आतल्या धक्क्यांना ओहोटीला पाणी कमी असे. रुंदीमुळे त्या भरपूर शिडं पेलत. पण परात पाण्यावर ठेवून पाहा. सपाट आहे तोवर ती घट्ट असते. एक कड पाण्याखाली गेली की उलटते आणि परत सरळ होत नाही. तळाशी वाळू भरलेली बाटली आडवी केली तरी उठून उभी राहते. या स्कूनर परातीच्या जातीच्या होत्या. एका हद्दीपलीकडे कलल्या की संपलं.

२४ फेब्रुवारी १८६२ च्या रात्री जॉर्जेस बँकवर ग्लॉस्टरच्या स्कूनर एकमेकींच्या जवळ नांगरून उभ्या होत्या, कारण मासे तिथेच होते. वादळात एखादीचा नांगर सुटला की ती वाऱ्याबरोबर वाहत दुसरीवर आदळणार आणि दोन्ही बुडणार. म्हणून प्रत्येक जहाजावर एक माणूस कुऱ्हाड घेऊन नांगराच्या दोराशी उभा असे. अंधारातून कोणी अंगावर येताना दिसलं तर दोर तोडायचा. त्या एका रात्रीत १५ जहाजं आणि १२० माणसं गेली. १८७९ या एका वर्षात ग्लॉस्टरने २९ जहाजं आणि २४९ माणसं गमावली. तेव्हा गावची वस्ती वीस हजारांच्याही आत होती. हा आकडा आपल्या ओळखीच्या एखाद्या किनाऱ्यावरच्या गावाला लावून पाहिला की पोटात कालवतं.

याविरुद्ध बोलणारी माणसं त्याच धंद्यातून पुढे आली. जोसेफ कॉलिन्स हा स्वतः मच्छीमार कॅप्टन. त्याने १८८० च्या दशकात अधिक खोल जहाजांचा आग्रह धरला, आणि १८८६ मध्ये अमेरिकी सरकारच्या मत्स्य आयोगाने त्या धर्तीवर ‘ग्रँपस’ बांधली. दुसरा थॉमस मॅकमॅनस, बॉस्टनचा मासळी व्यापारी. भावाचा हिशेब त्याला कळत होता, आणि बुडणारी माणसं त्याच्या ओळखीची होती. तो जहाजांचे आराखडे काढू लागला. स्कूनरच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, एक लांब काठी बाहेर निघालेली असे. तिच्यावरचं शीड आवळायला माणसांना लाटांवर लोंबकळत जावं लागे आणि कितीतरी जण तिथूनच वाहून गेले. खलाशी तिला ‘विधवा करणारी’ म्हणत. मॅकमॅनसने १९०२ मध्ये ती काठीच काढून टाकलेली ‘हेलन बी. थॉमस’ पाण्यात उतरवली. नाळ थोडी लांब केली, शिडं डेकच्या आतच बसवली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठा विजय हा वाटतो, कोणत्याही करंडकापेक्षा मोठा.

मग करंडक आला

मच्छीमारांच्या ठरवून लावलेल्या शर्यती अधूनमधून होत होत्या. १८९२ च्या ऑगस्टमध्ये ग्लॉस्टरच्या शर्यतीच्या दिवशी वादळ उठलं, तरी कोणी माघार घेतली नाही. मॉरिस व्हेलनच्या ‘हॅरी एल. बेल्डन’ने ती जिंकली. पण जगाचं लक्ष गेलं १९२० मध्ये. त्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कजवळ श्रीमंतांच्या नौकांची अमेरिका कप स्पर्धा चालू होती आणि वारा सुमारे २३ नॉटचा, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरचा, झाला म्हणून एका दिवसाची फेरी रद्द झाली. मच्छीमारांच्या लेखी हा कामाचा चांगला दिवस. नोव्हा स्कॉशियातल्या हॅलिफॅक्सच्या एका वर्तमानपत्राचे मालक विल्यम डेनिस यांनी खऱ्या मच्छीमार जहाजांसाठी करंडक लावला: अंतर सुमारे चाळीस सागरी मैल, जिंकणाऱ्याला चार हजार डॉलर. मार्टी वेल्शची ‘एस्पेरँटो’ ग्लॉस्टरहून आली आणि लुनेनबर्गच्या ‘डेलावाना’ला हरवून करंडक घेऊन गेली.

लुनेनबर्गला ते लागलं. विल्यम रूएने आराखडा काढला, स्मिथ अँड रूलंड यांच्या गोदीत काम चाललं, आणि २६ मार्च १९२१ ला ब्लूनोज पाण्यात उतरली. लांबी १४३ फूट, शिडांचं कापड दहा हजार चौरस फुटांहून जास्त. तिचा कॅप्टन अँगस वॉल्टर्स चणीने लहान, जिभेने तिखट, आणि तेराव्या वर्षापासून समुद्रावर. जहाज बांधताना पुढच्या भागात खलाशांना डोकं वर करून उभं राहता यावं म्हणून त्याने नाळेकडचा भाग दीड फूट उंच करायला लावला, असं लुनेनबर्गमध्ये सांगतात. आराखडा बिघडला असं काहींना वाटलं, आणि त्यामुळेच ती लाटांवर कोरडी चालली असं इतर काही म्हणतात.

स्पर्धेचा एक नियम मला मनापासून आवडतो: जहाजाने आधी एक पूर्ण हंगाम मासेमारी केलेली असली पाहिजे. ब्लूनोज शर्यतीसाठी बांधली होती हे कोणी लपवलं नाही, पण ती आधी बँकेवर गेली, मासे भरून आली आणि मग ऑक्टोबरमध्ये शर्यतीला उभी राहिली. पहिल्याच फेरीत ग्लॉस्टरच्या ‘एल्सी’च्या पुढच्या डोलकाठीचा शेंडा मोडला. वॉल्टर्सने ते पाहून आपल्याही जहाजाची तेवढी वरची शिडं उतरवायला लावली, आणि तरीही जिंकला. समोरच्या जहाजावर होता तोच मार्टी वेल्श.

वर्तमानपत्रांनी याला कॅनडा विरुद्ध अमेरिका असा रंग दिला. माणसं मात्र एकाच मुळाची होती. पुढच्या वर्षी ‘हेन्री फोर्ड’ घेऊन आलेला ग्लॉस्टरचा क्लेटन मॉरिसी जन्माने नोव्हा स्कॉशियाचा. १९२३ मध्ये ‘कोलंबिया’ घेऊन उतरलेला बेन पाइन न्यूफाउंडलंडचा. कामासाठी दक्षिणेला गेलेली ही मुलं आता मागच्या गावांतल्या आपल्याच नात्या-गोत्याशी झुंजत होती.

१९२३ ची लढत कडू झाली. कोलंबिया फार सुंदर जहाज होतं, स्टार्लिंग बर्जेसने आराखडा काढलेलं, ग्लॉस्टरजवळच्या एसेक्स गावात बांधलेलं. पहिल्या फेरीत दोन्ही जहाजं किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याकडे इतकी खेटून गेली की ब्लूनोजच्या शिडाची आडवी दांडी कोलंबियाच्या दोरखंडांत अडकली. ब्लूनोज जिंकली. मग पंचांनी नवा नियम काढला: सगळे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, समुद्राच्या बाजूने ओलांडायचे. दुसरी फेरीही ब्लूनोजने जिंकली, पण एक बोया आतल्या बाजूने ओलांडला म्हणून विजय कोलंबियाला दिला गेला. वॉल्टर्स संतापला. ती फेरी रद्द धरून पुन्हा लावा, असं त्याचं म्हणणं. ते मानलं गेलं नाही, तेव्हा तो जहाज घेऊन सरळ लुनेनबर्गला निघून गेला. बेन पाइनने एकट्याने फेरी पूर्ण केली असती तर करंडक त्याचा होता. त्याने नकार दिला. बक्षिसाची रक्कम वाटून घेतली गेली. वॉल्टर्सचं चुकलं असं मला वाटतं, आणि पाइनचा नकार मला त्या दशकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

त्यानंतर आठ वर्षं करंडकासाठी शर्यत झाली नाही. १९३० मध्ये दुसऱ्या एका चषकासाठी ग्लॉस्टरच्या नव्या ‘गर्ट्रूड एल. थीबॉ’ने ब्लूनोजला हरवलं, तेव्हा वॉल्टर्सने दोष स्वतःकडे घेतला, जहाजाला लागू दिला नाही. १९३१ मध्ये हॅलिफॅक्सला त्याने परतफेड केली. शेवटची गाठ १९३८ मध्ये पडली. ब्लूनोज तेव्हा सतरा वर्षांची, लाकूड पाणी पिऊन जड झालेलं. पाच फेऱ्यांत ती तीन-दोन अशी जिंकली.

ट्रॉलर

त्याआधीच धंदा बदलला होता. १९०५ च्या सुमारास बॉस्टनला पहिला वाफेचा ट्रॉलर आला. तो तळावरून जाळं ओढत नेतो. त्याला डोऱ्या लागत नाहीत, वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, दोन माणसं धुक्यात हरवत नाहीत. शर्यती गाजत होत्या त्याच वर्षांत ग्लॉस्टरच्या स्कूनरमध्ये इंजिनं बसत होती. १९३६ मध्ये ब्लूनोजलाही डिझेल इंजिन बसलं. कर्जापायी ती लिलावात निघाली तेव्हा वॉल्टर्सने स्वतःचे सुमारे सात हजार डॉलर घालून तिला सोडवलं. पण १९४२ मध्ये ती विकावी लागली, आणि वेस्ट इंडीजमध्ये माल वाहता वाहता जानेवारी १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकांवर फुटली. १९६३ मध्ये त्याच गोदीने तिची जुळी, ब्लूनोज दोन, बांधली. लुनेनबर्गला गेलात तर ती पाहता येते.

कोलंबियाचं काय झालं ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ऑगस्ट १९२७ च्या वादळात नोव्हा स्कॉशियाच्या आग्नेयेकडच्या सेबल बेटाजवळ लुनेनबर्गच्या चार स्कूनर गेल्या. त्याच रात्री, त्याच पाण्यात कोलंबियाही बावीस माणसांसह नाहीशी झाली. त्यातले कितीतरी जण नोव्हा स्कॉशियाचे. पुढच्या जानेवारीच्या सुरुवातीला ‘व्हेनोस्टा’ नावाचा वाफेचा ट्रॉलर सेबल बेटाजवळ जाळं ओढत असताना तळाशी काहीतरी प्रचंड अडकलं. दोर खेचला. रात्री, दिव्यांच्या उजेडात, आधी डोलकाठ्या वर आल्या, मग सबंध स्कूनर, सरळ उभी, डेकवरून पाणी ओघळणारी. ट्रॉलरवरच्या माणसांनी तिचा बांधा पाहिला. ती कोलंबियाच असावी, हे दोन्ही किनाऱ्यांवर सगळ्यांनी मानलं. थोडा वेळ ती तशीच त्यांच्या शेजारी डोलत राहिली. मग दोर तुटला.